पेडल मऊ लागते, पण दोष नेमका कुठे?

प्रश्न : माझ्याकडे एक जुना पिकअप ट्रक आहे. त्याला पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक आणि व्हॅक्यूम बूस्टर आहे, एबीएस नाही. गेल्या काही महिन्यांपासून ब्रेकचे पेडल मऊ लागते. पहिल्यांदा दाबले की ते अर्ध्याहून अधिक खाली जाते आणि लगेच दुसऱ्यांदा दाबले की वर येते व बरे लागते. आधी पुढचे पॅड बदलले, पण फरक पडला नाही. नंतर नवा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) बसवला आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या ऑइलमधली हवा दोनदा काढली, तरी पेडल जसेच्या तसे आहे. ब्रेक ऑइल कुठेही गळताना दिसत नाही आणि टाकीतली पातळीही उतरत नाही. आता बूस्टर बदलून पाहावा, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. आणखी एक भाग विकत घेण्याआधी हा दोष पद्धतशीरपणे कसा शोधावा?

उत्तर : बूस्टर तूर्त बदलू नये. बूस्टर हा इंजिनच्या निर्वाताचा किंवा डिझेल इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपाचा उपयोग करून पायाच्या जोराला मदत करणारा भाग आहे. त्याचा पडदा फाटला, त्याची नळी सुटली किंवा एकमार्गी व्हॉल्व्ह बिघडला, तर ही मदत कमी होते आणि पेडल कडक लागू लागते. म्हणजे ते उंचावरच अडते आणि गाडी थांबवायला पायाला फार जोर द्यावा लागतो. आपले पेडल याच्या अगदी उलट वागते आहे. बूस्टरशी संबंधित एकच गोष्ट पेडल खाली नेऊ शकते, ती म्हणजे बूस्टर आणि मास्टर सिलिंडर यांच्यामधल्या दांड्याची लांबी. आपण मास्टर सिलिंडर नुकताच बदललेला असल्यामुळे तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

त्याआधी एक विनंती आहे. दोष सापडून दूर होईपर्यंत हा ट्रक रस्त्यावर आणू नये. दोनदा दाबले की ब्रेक लागतो, या सवयीवर पुष्कळ जण महिनोन्‌महिने गाडी चालवतात. परंतु समोर अचानक कुणी आले, तर पाय एकदाच दाबला जातो आणि त्या एका दाबात जे पेडल मिळेल तेच खरे. भार वाहणाऱ्या वाहनाच्या बाबतीत ही गोष्ट विशेष गांभीर्याने घेतली पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘पेडल मऊ आहे’ या एका तक्रारीत किमान चार निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि त्यांची कारणेही निरनिराळी असतात. त्या वेगळ्या न काढता भाग बदलत गेल्यामुळेच पैसे खर्च होऊनही दोष जागच्या जागी राहतो. यासाठी प्रथम इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमध्ये साठलेला निर्वात संपेल आणि ऑइलच्या स्तंभाचा स्पर्श पायाला थेट कळेल. मग एकदा सावकाश दाबून, पाय तसाच ठेवून नीट लक्ष द्यावे. पेडल स्पंज दाबल्यासारखे लवचिक लागत असेल, म्हणजे जितका जोर वाढवावा तितके ते थोडेथोडे आणखी खाली जात असेल, तर ऑइलमध्ये हवा आहे किंवा एखादा रबरी होज पाइप दाबाने फुगतो आहे. पेडल बरेच खाली जाऊन नंतर एका ठिकाणी दगडासारखे पक्के अडत असेल, तर हवेचा संशय मागे पडतो आणि कुठेतरी जास्तीचे अंतर भरून काढण्यात पेडलची चाल वाया जाते आहे, असे समजावे. एकसारखा मध्यम दाब ठेवला असताना पेडल हळूहळू तळाकडे सरकत असेल, तर ऑइल बाहेर गळते आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरी कपावरून मागे निसटते आहे. आणि थंड गाडीत पेडल उत्तम, पण लांब उतारावर ब्रेक तापल्यावर मऊ आणि निवल्यावर पुन्हा उत्तम, असे होत असेल, तर जुन्या, पाणी शोषलेल्या ऑइलची वाफ होते आहे.

आपल्या पत्रावरून तिसरा आणि चौथा प्रकार बाजूला ठेवता येतो. उरतात पहिले दोन. आणि दुसऱ्या दाबाला पेडल वर येणे हे लक्षण या दोन्ही प्रकारांत आढळते. त्याचे कारण असे, की पेडल झटकन सोडले की मास्टर सिलिंडरचा पिस्टन वेगाने मागे येतो, परंतु चाकांकडे गेलेले ऑइल बारीक नळ्यांतून तितक्या वेगाने परत येऊ शकत नाही. पिस्टनपुढे निर्माण झालेली पोकळी भरायला टाकीतले ऑइल कपाच्या कडेवरून पुढे शिरते. लगोलग दुसऱ्यांदा दाबले, तेव्हा नळीत आधीपेक्षा जास्त ऑइल असते, ब्रेक शूही (ड्रमला आतून घासणाऱ्या कमानीही) ड्रमच्या जवळ आलेले असतात आणि हवेचे बुडबुडेही आधीच काहीसे दाबले गेलेले असतात. म्हणून पेडल वर येते. मग हवा की अंतर, हे ठरवायचे कसे? दुसऱ्या दाबाला पेडल कसे ‘बरे’ लागते, यावरून. ते पूर्ण कडक लागत असेल, तर अंतराचा दोष. वर येऊनही पायाखाली लवत असेल, तर हवेचा किंवा होजचा. आपल्या पत्रात एवढाच एक तपशील राहून गेला आहे आणि सर्वांत मोलाचा तोच आहे.

या दोन शक्यतांपैकी मला अधिक संशय मागच्या ड्रमचा येतो, कारण पत्रात मागच्या ब्रेकविषयी एकही शब्द नाही. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या जुन्या वाहनांत पेडल खाली जाण्याचे हे फार नेहमीचे कारण आहे आणि तेच सर्वांत शेवटी पाहिले जाते. डिस्क ब्रेकमध्ये पॅड झिजला की पिस्टन तेवढा पुढे येऊन थांबतो, त्यामुळे अंतर आपोआप भरून निघते. ड्रममध्ये मात्र शूला स्प्रिंग मागे ओढून घेते. शू आणि ड्रम यांच्यातले अंतर कमी ठेवण्याचे काम अ‍ॅडजस्टरच्या दातेरी चाकाचे असते आणि ते गंजून जाम झाले, की लायनर (शूवरचा घर्षणाचा थर) झिजेल तसतसे अंतर वाढत जाते. व्हील सिलिंडरच्या (शूंना ड्रमकडे ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) पिस्टनना दर वेळी ते सगळे अंतर तोडावे लागते, म्हणजे तेवढे जास्त ऑइल पुढे ढकलावे लागते, आणि पेडल त्या प्रमाणात खाली जाते.

याची परीक्षा एका मिनिटात होते. ज्या वाहनाचा हँडब्रेक मागच्या शूंवरच चालतो, त्यात गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक पक्का ओढावा आणि मग पेडल दाबून पाहावे. हँडब्रेकने शू आधीच ड्रमला टेकलेले असल्यामुळे आता पेडल उंच आणि घट्ट लागले, तर दोष मागच्या शूंच्या अंतरात आहे, हे जवळपास निश्चित होते. फरक पडला नाही, तर तो दोष नाही असे मानून पुढे जावे. हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असेल, तर ही परीक्षा उपयोगी नाही.

दोष तिथेच निघाला, तर केवळ दातेरी चाक फिरवून समाधान मानू नये, ड्रम उतरवावेत. पुढच्या चाकांना पाचर लावावी, ट्रक जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर ठेवावा आणि हँडब्रेकची केबल आधी सैल करावी. केबल ताणलेली असेल, तर शू आपल्या मूळ टेकणावर पूर्ण मागे येत नाहीत आणि केलेली सेटिंग चुकीची ठरते. आत साठलेली धूळ हवेच्या झोताने किंवा तोंडाने कधीही उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि ती धूळ फुप्फुसांना घातक आहे. ओल्या कापडाने पुसून घ्यावी. अ‍ॅडजस्टर बाहेर काढून, आटे साफ करून, उष्णता सहन करणारे ग्रीस थोडेसे लावून तो हाताने सहज फिरतो की नाही ते पाहावे. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. दातेरी चाकाच्या अनेक रचनांत डाव्या आणि उजव्या बाजूच्या अ‍ॅडजस्टरचे आटे उलटसुलट असतात. पूर्वी कुणी दोन्ही बाजू एकदम उघडून त्यांची अदलाबदल केली असेल, तर स्वयंचलित यंत्रणा दर वेळी अंतर कमी करण्याऐवजी वाढवत राहते आणि कितीही वेळा सेटिंग केले, तरी काही दिवसांत पेडल पुन्हा खाली येते. म्हणून एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरी उघडू नये; नमुना म्हणून ती डोळ्यांसमोर राहते.

ड्रमचा व्यासही मोजावा. वापराची कमाल मर्यादा बहुधा ड्रमवरच कोरलेली असते आणि ती ओलांडलेला ड्रम बदलावाच लागतो, कारण मोठ्या झालेल्या ड्रमात शूची वक्रता बसत नाही, शू मध्यभागीच टेकतो आणि जोर वाढेल तसा किंचित वाकतो. हा वाकही पायाला स्पंजसारखाच जाणवतो. व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्यांची कड उचलून पाहावी. आत नुसता ओलसरपणा असला तर चालतो, परंतु थेंब ओघळला तर सिलिंडर बदलावा. ऑइल किंवा ग्रीस मुरलेले शू धुऊन पुन्हा वापरू नयेत. जोडणी झाल्यावर ड्रमच्या मागच्या पत्र्यातल्या खिडकीतून दातेरी चाक फिरवत चाक जाम होईपर्यंत शू बाहेर आणावेत, पेडल एकदा दाबून शू मध्यावर बसू द्यावेत आणि मग चाक मोकळे फिरेल, पण शूचा हलका स्पर्श कानाला ऐकू येईल, इतपतच मागे घ्यावेत. दोन्ही बाजू सारख्या ठेवून शेवटी हँडब्रेकची केबल बसवावी. काही वाहनांत ही यंत्रणा मागे जाताना ब्रेक लावल्यावर, तर काहींत हँडब्रेक ओढल्यावर आपले काम करते. त्यामुळे ज्या वाहनात हँडब्रेक कधीच वापरला जात नाही किंवा जे क्वचितच मागे घेतले जाते, त्यात अंतर वाढत जाणे स्वाभाविक आहे.

हँडब्रेक ओढूनही पेडल मऊच राहिले, तर हवेकडे वळावे. टाकीचे झाकण काढून, सहकाऱ्याला पेडल भराभर पंधरा-वीस वेळा दाबून शेवटी दाबूनच ठेवायला सांगावे आणि मग पाय एकदम काढायला लावावा. नळ्यांत हवा दाबली गेलेली असेल, तर ती प्रसरण पावून ऑइल जोराने मागे फेकते आणि टाकीत कारंज्यासारखी उसळी दिसते. हवा नसेल तर पृष्ठभाग जेमतेम हलतो. हे पाहताना डोळ्यांवर चष्मा असावा आणि चेहरा टाकीच्या थेट वर नसावा. ब्रेक ऑइल रंगही खाते, म्हणून आसपासच्या पत्र्यावर फडके टाकावे.

‘दोनदा हवा काढली’ असे आपण लिहिले आहे; परंतु हवा काढण्याची क्रिया झाली, याचा अर्थ हवा निघाली असा नेहमीच होत नाही. पहिले संशयाचे ठिकाण म्हणजे नवा मास्टर सिलिंडर. तो बसवण्याआधी बाहेर शिकंज्यात आडवा पकडून, त्याच्या तोंडांना लावलेल्या छोट्या नळ्यांची टोके टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवून, पिस्टन सावकाश ढकलत बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत त्याची हवा काढावी लागते. अनेक वाहनांत मास्टर सिलिंडर पुढच्या टोकाला किंचित वर चढलेला असतो; त्या टोकाशी अडकलेली हवा चाकांच्या निपलमधून (हवा काढण्यासाठी ठेवलेल्या छोट्या तोंडांतून) कितीही ऑइल काढले तरी खाली उतरत नाही, कारण हवा वर राहू पाहते आणि चाके तर खाली असतात. आता सिलिंडर बसलेलाच असेल, तर ट्रकची मागची बाजू उचलून तो समतल करावा, नळ्यांची जोडणी सिलिंडरपाशीच अर्धा आटा सैल करून सहकाऱ्याला पेडल हळू दाबायला सांगावे आणि पेडल सोडण्याआधी जोडणी कसावी.

दुसरे ठिकाण कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग. हवा काढण्याचे निपल कॅलिपरच्या सर्वांत वरच्या बाजूला आलेच पाहिजे. कॅलिपर उतरवून पुन्हा बसवताना डाव्याचा उजवीकडे गेला, तर पुष्कळ वाहनांत तो बिनतक्रार बसतो, परंतु निपल खाली येते आणि वरच्या पोकळीतली हवा जन्मात बाहेर पडत नाही. ही चूक अनेक वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या हातून झाली होती आणि दिवसभर हवा काढूनही पेडल सुधारले नव्हते, म्हणून आग्रहाने सांगतो, की पॅड बदलताना आपले कॅलिपर पूर्ण सुटे केले गेले असतील, तर सर्वांत आधी निपल कुठे आहे ते पाहावे.

तिसरे ठिकाण पिकअपमध्येच विशेषकरून आढळते, ते म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलजवळचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. चासी आणि अ‍ॅक्सल यांच्यातले अंतर एका दांड्याने ओळखून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवतो. चासीला जॅक लावून मागची चाके लोंबती ठेवली, तर व्हॉल्व्हला गाडी अगदी रिकामी आहे असे वाटते आणि तो मागचा दाब आखडून धरतो. त्या स्थितीत काढलेली हवा अपुरी राहू शकते. म्हणून मागची हवा काढताना भार अ‍ॅक्सलवरच असावा. काही व्हॉल्व्हना स्वतःचे वेगळे निपल असते. ते असल्यास तेही उघडावे. त्याकडे दुर्लक्ष झाल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात.

प्रत्यक्ष हवा काढताना सर्वांत लांब नळी असलेल्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकाकडे यावे. वाहनाच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल, तर तोच पाळावा. पेडल भराभर दाबू नये, कारण त्यामुळे मोठा बुडबुडा फुटून त्याचा बारीक फेस होतो आणि तो काढणे अधिक अवघड जाते. निपल बंद झाल्याशिवाय पेडल वर येऊ देऊ नये आणि टाकी कधीही रिकामी होऊ देऊ नये. जुना मास्टर सिलिंडर असलेल्या वाहनात पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून ते पूर्ण तळाला जाऊ न देणे शहाणपणाचे ठरते. रोजच्या वापरात कप ज्या भागापर्यंत पोचत नाही, त्या भागात गंजाचे खड्डे पडलेले असतात आणि हवा काढताना कप तिथे प्रथमच घासला गेला की त्याची कड फाटते.

एवढे करूनही समाधान झाले नाही, तर अंदाज सोडून यंत्रणेचे तुकडे पाडावेत. मास्टर सिलिंडरच्या दोन्ही नळ्या सोडवून त्या तोंडांत बरोबर आट्यांचे आणि बरोबर बैठकीचे बूच घट्ट बसवावेत आणि पेडल दाबावे. ते वरच्या वर दगडासारखे अडले पाहिजे. तिथेही मऊ लागले, तर हवा किंवा दोष मास्टर सिलिंडरमध्येच आहे आणि नवा भाग निर्दोषच असतो, हे गृहीत धरता येत नाही. कडक लागले, तर एक बूच काढून फक्त पुढची वाट जोडावी, तिची हवा काढावी आणि पुन्हा दाबावे. नंतर पुढची बंद करून मागची. ज्या वाटेने पेडल खाली गेले, दोष त्या वाटेवर. पिकअपमध्ये बहुधा पुढची दोन चाके एका वाटेवर आणि मागची दोन दुसऱ्या वाटेवर असल्यामुळे एवढ्या एका परीक्षेत अर्धे वाहन संशयातून मुक्त होते. बूच मिळाले नाहीत, तर होज पाइप गुळगुळीत जबड्याच्या खास क्लॅम्पने दाबूनही हे करता येते. मात्र तडकलेल्या जुन्या होजवर किंवा पोलादी जाळीच्या होजवर क्लॅम्प लावू नये आणि साध्या पकडीने होज चिमटू नये.

दोष एखाद्या वाटेवर आहे हे कळले आणि तिथे हवाही नाही, तर होज पाइप तपासावा. सहकारी पेडल जोरात दाबत असताना होजवर हात ठेवला, तर फुगणारा होज हाताला कळतो. पुढचे दोन होज सगळे पाहतात. चासीकडून मागच्या अ‍ॅक्सलवर उतरणारा तिसरा, वाहनाच्या पोटाखाली असल्यामुळे, विसरला जातो. पृष्ठभागावर आडव्या चिरा दिसत असतील, तर परीक्षेची वाट न पाहता तो बदलावा.

आता दांड्याची लांबी. बूस्टरमधून बाहेर येणारा दांडा आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यात किंचित फट असावी लागते. नव्या सिलिंडरच्या पिस्टनमधला खळगा जुन्यापेक्षा खोल असेल, तर ही फट वाढते आणि पेडलचा सुरुवातीचा भाग नुसता फट भरण्यातच जातो. मात्र आपली तक्रार सिलिंडर बदलण्याआधीपासूनची आहे, म्हणून हे मूळ कारण नसावे. नव्या सिलिंडरने त्यात भर घातली असणे मात्र शक्य आहे. दांडा लांब करताना हात आखडता ठेवावा. तो गरजेपेक्षा लांब झाला, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइलची परतीची वाट बंद राहते आणि चालता चालता ब्रेक आपोआप लागून तापू लागतात.

अखेरची शक्यता पुढच्या चाकाची आहे. हबचे बेअरिंग सैल असेल किंवा डिस्क वाकडी फिरत असेल, तर ती फिरताना पॅडना धक्के देऊन पिस्टन मागे ढकलते आणि पुढच्या दाबाला पेडल खाली जाते. ओळख सोपी आहे. उभ्या गाडीत पेडल दोन-तीनदा दाबून वर आणावे आणि दहा मिनिटे थांबून पुन्हा दाबावे. उभ्या गाडीतही ते पुन्हा खाली गेले, तर डिस्क निर्दोष आहे असे समजावे. उभ्या गाडीत ते टिकून राहिले आणि मोकळ्या मैदानात अगदी हळू दोन-चार वळणे घेतल्यावर खाली गेले, तर बेअरिंगचा सैलपणा आणि डिस्कचा डगमग तपासावा. डिस्कचा डगमग साधारणपणे ०.१ मिलिमीटरच्या आतच असावा लागतो.

काम पुरे झाल्यावर इंजिन सुरू करून, गाडी जागेवरच असताना पेडल अर्धा मिनिट घट्ट दाबून ठेवावे, सगळे निपल आणि जोडण्या कोरड्या आहेत याची खात्री करावी आणि मगच मोकळ्या जागी, चालण्याच्या वेगाने पहिली चाचणी घ्यावी.

प्रश्न : जुन्या पिकअपच्या टाकीतले ब्रेक ऑइल काळपट झाले आहे. त्यात पूर्वी कोणते ऑइल घातले होते, हे माहीत नाही. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५ यांपैकी ५ हा आकडा मोठा असल्यामुळे तेच चांगले समजून भरावे का?

उत्तर : नाही. डॉट ५ हे सिलिकोनवर आधारलेले ऑइल आहे आणि ते डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये मिसळत नाही. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही तिन्ही ग्लायकॉल ईथरच्या जातीची आहेत. नावात साम्य असले तरी ५ आणि ५.१ यांत मोठा फरक आहे. टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच वापरावे. डॉट ३ सांगितले असेल, तर डॉट ४ भरलेले सहसा चालते; उलट मात्र करू नये.

ग्लायकॉलचे ऑइल हवेतले पाणी शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरत जातो. मानकाप्रमाणे कोऱ्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. लांब उतारावर पेडल एकाएकी तळाला जाण्यामागे हा फरक असतो. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलण्याचा जो सर्वसाधारण सल्ला दिला जातो, तो पाळावा आणि बऱ्याच दिवसांपूर्वी उघडलेल्या बाटलीतले ऑइल वापरू नये.

काळपट रंगापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. टाकीत चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल पडले असेल, तर यंत्रणेतले सगळे रबर फुगून निकामी होते. झाकणाच्या आतला रबरी पडदा फुगून वेडावाकडा झालेला दिसला, तर ही शंका घ्यावी. पारदर्शक भांड्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात टाकीतले थोडे ऑइल टाकावे. ग्लायकॉलचे ऑइल पाण्यात विरघळते, खनिज तेल वर तरंगते. तवंग दिसला, तर केवळ ऑइल बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, कॅलिपरची सील, होज आणि रबर असलेले व्हॉल्व्ह हे सगळे बदलून पोलादी नळ्या धुवाव्या लागतात. ग्लायकॉल निघाले, तर प्रत्येक निपलमधून स्वच्छ, फिकट ऑइल येईपर्यंत जुने काढून टाकावे.

प्रश्न : पेडलवर पाय ठेवून इंजिन सुरू केले, की पेडल थोडे खाली जाते. हा बिघाड आहे का?

उत्तर : नाही, हे बूस्टर नीट चालत असल्याचे लक्षण आहे. इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा दाबून निर्वात संपवावा, पाय दाबून ठेवावा आणि इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली जाऊन थांबले पाहिजे. ते थांबण्याऐवजी हळूहळू सरकतच राहिले, तर मात्र मास्टर सिलिंडर आतून निसटतो आहे किंवा कुठेतरी गळती आहे. टाकीतली पातळी उतरते आहे, पण चाकांपाशी किंवा नळ्यांवर ओल कुठेच दिसत नाही, अशी स्थिती असेल, तर सिलिंडरचे मागचे सील फुटून ऑइल बूस्टरच्या पोटात जात असण्याचा संभव असतो. त्यासाठी नळ्या न सोडवता सिलिंडरचे दोन नट काढावेत, नळ्या वाकणार नाहीत इतपतच सिलिंडर पुढे ओढावा आणि त्याच्या मागच्या तोंडाखाली कोरडा कागद लावून पाहावा. कागद भिजला, तर सिलिंडर बदलावा आणि बूस्टरमध्ये साठलेले ऑइलही काढून टाकावे, कारण ते आतल्या पडद्याचे रबर खराब करते.